लहान जातीचे, की लहान वयाचे?

पिल्लू घरी आले त्या दिवशी सगळे छान होते. मुलांनी आळीपाळीने मांडीवर घेतले, शेजारपाजारचे येऊन बघून गेले, फोटो निघाले, नाव काय ठेवायचे यावरून वाद झाला. रात्री त्याने काही खाल्ले नाही. ‘नवे घर आहे, दमले असेल’ म्हणून कुणी आग्रह केला नाही. सकाळी ते टोपलीत आडवे पडलेले होते. अंग गार, मान लुळी, हाक मारली तरी नजर भलतीकडेच. छोट्या जातीची कुत्री तपासणाऱ्या कुठल्याही पशुवैद्यकाला हे चित्र नवे नाही. घरच्यांना वाटते विषबाधा झाली, किंवा विकणाऱ्याने आजारी पिल्लू गळ्यात मारले. दुसरी शंका कधी कधी खरीही निघते. पण पुष्कळदा कारण त्याहून साधे असते. पिल्लाच्या रक्तातली साखर संपत आलेली असते.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांत तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. तेव्हापासून कुत्रा हा देशभर वादाचा विषय आहे. ती सगळी चर्चा रस्त्यावरच्या कुत्र्याची आहे, आणि ती व्हायलाच हवी. मात्र याच काळात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावणाऱ्या ‘टॉय’ जातींच्या पिल्लांचा बाजार वाढतो आहे. मोबाइलच्या पडद्यावर कपात बसलेले पिल्लू दिसते, दोन दिवसांत तसेच एक घरी येते. ते कुठून आले, किती दिवसांचे होते आणि त्याचे पुढे काय झाले, याची कुठे चर्चा होत नाही.

टॉय म्हणजे मुद्दाम लहान आकारासाठी जोपासलेल्या जाती. पॉमेरेनियन, चिवावा, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, शिह त्झू, पग ही त्यातली आपल्याकडे ओळखीची नावे. पूर्ण वाढलेल्या चिवावाचे किंवा पॉमेरेनियनचे वजन दीड ते तीन किलोंच्या आसपास असते. म्हणजे घरात येणारे पिल्लू अनेकदा एक किलोचेही नसते. आपल्याकडे या जातींच्या लाटा पडद्यावरूनच आल्या. १९९४च्या ‘हम आपके है कौन’मधल्या टफीने पांढऱ्या केसाळ कुत्र्याला घरोघर नेले, २००३मधल्या एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पगला नेले. गंमत अशी की टफी हा पॉमेरेनियन नव्हता, इंडियन स्पिट्झ होता. इथल्या हवेला सरावलेला, अंगाने थोराड. तरी महाराष्ट्रातल्या घराघरांत तो ‘पॉमेरेनियन’ म्हणूनच वाढला. ‘आमच्याकडे पूर्वी पॉमेरेनियन होता, दूध-पोळीवर मजेत जगला’ असे सांगणाऱ्या आजोबांचा अनुभव खोटा नाही. तो दुसऱ्याच, दुप्पट-तिप्पट वजनाच्या कुत्र्याचा आहे, इतकेच. खऱ्या पॉमेरेनियनच्या पाऊण किलोच्या पिल्लाला तो लागू करायला गेले, की घोळ होतो.

कारण लहान शरीराचा हिशेब वेगळा असतो. आकार जितका लहान, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते आणि ती भरून काढायला सतत इंधन लागते. पशुआहारशास्त्रात नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने पाहिले, तर ७०० ग्रॅमच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला सुमारे १६० कॅलरी लागतात. आकडा किरकोळ वाटतो. पण किलोमागे तो २३०च्या घरात जातो. सत्तर किलोच्या माणसाला किलोमागे साधारण ३० ते ३५ कॅलरी पुरतात. म्हणजे वजनाच्या मानाने हे पिल्लू माणसाच्या सहा-सात पट खाते, आणि त्याच्या पोटात एका वेळी चमचा-दोन चमचेच मावते.

आता साठा बघा. माणूस किंवा मोठ्या जातीचे पिल्लू एक जेवण चुकले तरी यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर वेळ भागवते, गरज पडली तर स्नायूंतली प्रथिने मोडून साखर तयार करते. टॉय जातीच्या पिल्लाचे यकृत इवलेसे, स्नायू नावापुरते, चरबी जवळपास नाहीच. त्यात शरीराच्या मानाने मेंदू मोठा, आणि मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. त्यामुळे काही तासांचा उपासही त्याला महागात पडतो. थंडी, प्रवास, जंत, जुलाब किंवा दिवसभर या हातातून त्या हातात फिरणे यांपैकी एकही कारण जोडीला आले तर साखर घसरते. आधी ते सुस्त होते, मग चालताना झोकांड्या जातात, डोळे काचेसारखे स्थिर होतात, अंग थरथरते आणि शेवटी झटके येतात. पहिली पायरी झोपेसारखीच दिसते, हीच यातली खरी अडचण. पिल्ले एरवीही दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच असतात. झोपलेले पिल्लू हलवले की जागे होते आणि खायला दिले की खाते. साखर घसरलेले पिल्लू यातले काहीच धड करत नाही.

अशा वेळी घरात करण्यासारखे थोडेच असते, पण ते मोलाचे असते. ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात दाट कालवून, अथवा मध, बोटाने हिरड्यांवर चोळायचा. पिल्लू शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर चाटवता येते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचे नाही, ते फुप्फुसात जाते. अंग गार असेल तर टॉवेलात गुंडाळायचे, जवळ गरम पाण्याची पिशवी ठेवायची, पण तीही कापडात गुंडाळून. मग थेट पशुवैद्यकाकडे. साखर चाटवून पिल्लू उठून बसले तरी जायचेच, कारण दिलेली साखर लवकर वापरली जाते आणि तासाभरात तोच प्रकार पुन्हा होऊ शकतो. शिवाय साखर का घसरली, हे शोधावे लागते. कधी पोटात जंतांचा गुंता असतो, कधी पार्व्होची सुरुवात असते. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीजमध्ये तर यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनीही निघते. अशा पिल्लाची साखर वारंवार घसरते आणि वाढ खुंटते. एक सावधगिरी मात्र आवर्जून हवी. ‘शुगर फ्री’ पदार्थांतले झायलिटॉल कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा आणते आणि साखर आणखी खाली नेते. च्युइंगमच्या एखाद-दोन गोळ्याही एवढ्याशा जिवाला घातक ठरू शकतात.

टाळण्याचा उपाय कंटाळवाणा आहे. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे खाणे, शेवटचे झोपण्याआधी, पहिले उजाडताच. घरातले सगळे नोकरीला जात असतील, तर दुपारचे दोन घास कोण देणार हे पिल्लू आणण्याआधी ठरायला हवे. नंतर ठरवू म्हणून चालत नाही. आधीच्या ठिकाणी जे खात होते तेच पहिले काही दिवस द्यायचे, बदल आठवडाभरात हळूहळू. दूध-पोळीने पोट भरते, गरज भागत नाही. पोळीत प्रथिने कमी, दुधातली लॅक्टोज अनेक पिल्लांना पचत नाही, आणि जुलाब सुरू झाले की पुन्हा साखरेचाच प्रश्न. बिस्किटांचेही तेच. चॉकलेट, कांदा, द्राक्षे, बेदाणे हे तर मोठ्या कुत्र्यालाही वर्ज्य. दिवाळीत कौतुकाने दिलेल्या लाडवातला बेदाणा पाऊण किलोच्या पिल्लासाठी किरकोळ राहत नाही.

हे सगळे खरे असले तरी सगळा दोष घेणाऱ्याच्या घरावर टाकणे बरोबर नाही. पिल्लू घरात पाऊल टाकते तेव्हा बऱ्याच गोष्टी आधीच ठरून गेलेल्या असतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे त्याचे वय.

या बाजारात लहान आकाराला किंमत आहे. पिल्लू जितके छोटे तितका भाव जास्त. आणि पिल्लू छोटे दिसण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते लवकर विकणे. पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू ‘दोन महिन्यांचे, जातच बारीक आहे’ म्हणून दिले, तर घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. साधारणपणे पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठव्यापर्यंत पूर्ण होतात. पण टॉय जातींत ते उशिरा येतात, त्यामुळे दात मोजून सांगितलेले वयही पक्के नसते. विकणाऱ्याच्या ‘जातच बारीक’ या सबबीला शास्त्राचाच आडोसा मिळतो. मग उरते एकच खात्रीची गोष्ट. पिल्लाला त्याच्या आईजवळ, भावंडांत बघणे. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल, पिल्लू पार्किंगमध्ये किंवा रेल्वे स्थानकावर आणून देतो असे सांगितले जात असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

आठ आठवडे हा आकडा शोभेचा नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लू घन अन्न चाखू लागलेले असते, पण आईच्या दुधाचा आधार अजून सुटलेला नसतो. त्याच काळात ते भावंडांशी झटापट करताना किती जोरात चावायचे हे शिकते. इटलीतल्या संशोधकांनी २०११मध्ये १४० कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यातली निम्मी आईपासून ३० ते ४० दिवसांत तोडलेली होती, निम्मी दोन महिन्यांनंतर. लवकर तोडलेल्यांत अति भुंकणे, फिरताना घाबरणे, वस्तूंची नासधूस करणे, खेळणे किंवा अन्न हिसकू न देणे अशा तक्रारी ठळकपणे जास्त आढळल्या. छोटे कुत्रे उगाच भुंकते, चावते, हा जो सरसकट समज आहे त्यातला काही भाग जातीचा नसून चाळिसाव्या दिवशी झालेल्या विक्रीचा असावा, असे मानायला जागा आहे. टॉय जातींच्या बाबतीत तर परदेशांतले काही ब्रीड क्लब आठ नव्हे, बारा आठवडे थांबायला सांगतात. कारण पुन्हा तेच, साखर सांभाळण्याइतके शरीर व्हायला हवे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली केंद्राने २०१७मध्ये कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांसाठी नियम केले. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायचे नाही, प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, कुत्र्यांना मायक्रोचिप बसवायची, मादीला दीड वर्षाच्या आत गाभण करायचे नाही, आयुष्यात पाचांहून जास्त वेती घ्यायची नाहीत, असे बरेच काही त्यांत आहे. २०१८मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नियम आले. नियम चांगले आहेत. पण जाहिरात मोबाइलवर, पैसे मोबाइलवर आणि पिल्लू टोपलीतून हातात, अशा व्यवहारात दुकानाची पाटीच नसते, तर नोंदणी कोण तपासणार? त्यात मूळ कायद्यातल्या क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. टॉय जातीचे एक पिल्लू हजारोंना विकले जाते. २०२२मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता. तोवर पन्नास रुपये हा दंड कमी आणि विनोद जास्त वाटतो.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे एप्रिल २०२०पासून सहा महिन्यांखालचे पिल्लू दलालामार्फत किंवा दुकानातून विकता येत नाही. ते जिथे जन्मले तिथेच, आईसमोर घ्यावे लागते, किंवा बेवारस प्राण्यांच्या संस्थेकडून. या कायद्याला लोक ‘लुसीचा कायदा’ म्हणतात. लुसी ही वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून सोडवलेली कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, म्हणजे टॉय गटातलीच मादी. वारंवार पिल्ले काढून तिचे शरीर खिळखिळे झाले होते. तिथेही पळवाटा निघाल्या. पण घेणाऱ्याला निदान एक साधा प्रश्न मिळाला: आई कुठे आहे?

मग लहान जातीच वाईट का? तसे म्हणता येणार नाही. कुत्र्याचा आकार ठरवण्यात ‘आयजीएफ-१’ या वाढीशी संबंधित जनुकाचा वाटा मोठा आहे, हे २००७मध्ये स्पष्ट झाले. २०२२मध्ये त्यापुढची गंमत कळली. लहान आकार देणारा त्याचा प्रकार माणसाने घडवलेला नाही. सायबेरियात सापडलेल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही तो होता. म्हणजे लहानपण हा मुळात आजार नव्हे. ब्रिटनमधल्या ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवरून २०२४मध्ये आयुर्मान काढले गेले, तेव्हा लांब नाकाच्या छोट्या माद्या सर्वाधिक जगतात असे दिसले, मध्यमान १३.३ वर्षे. चपट्या नाकाच्या मध्यम आकाराच्या नरांचे मध्यमान ९.१ वर्षे निघाले. बिघडते ते लहानाला आणखी लहान करण्याच्या हट्टाने. ‘टीकप’ नावाची जात कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही, तो विक्रीचा शब्द आहे. वेतातले सर्वांत अशक्त पिल्लू, खुंटलेले पिल्लू किंवा वेळेआधी विकलेले पिल्लू या शब्दाखाली खपते. अशा पिल्लांत टाळू भरून न येणे, मेंदूत पाणी साठणे, गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे हे धोके वाढतात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्सची तिथली पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली, ती जातीतच मुरलेल्या हृदयाच्या आणि डोक्याच्या कवटीच्या विकारांमुळे. इतके टोकाचे पाऊल इथे कुणी लगेच उचलेल असे नाही. पण मागणीच जर ‘अजून छोटे आहे का?’ अशी असेल, तर पैदास करणारा तेच पुरवणार.

लसीकरणाबद्दल एक गैरसमज हटकून भेटतो. पिल्लू अर्धे, म्हणून डोसही अर्धा, हा हिशेब चुकीचा आहे. लसीचे काम प्रतिकारशक्तीला ओळख करून देण्याचे असते, त्यासाठी ठरलेली मात्रा वजनावर कमी करत नाहीत. भीतीला थोडा आधार आहे, हेही खरे. अमेरिकेत १२ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान कुत्र्यांमध्ये, विशेषतः एकाच भेटीत अनेक लसी दिल्या तर, प्रतिक्रिया जास्त दिसल्या होत्या. तरीही प्रमाण दर दहा हजारांत चाळिसाच्या आतच होते. त्यामुळे उपाय डोस कमी करणे हा नव्हे. लसी वेगवेगळ्या भेटींत घ्याव्यात आणि टोचल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच थांबावे. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू झालेली लसमालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढे पूर्ण व्हायला हवी. मधल्या काळात पिल्लाला सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडू नये, पण घरात कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन माणसे, रिक्षांचे आवाज, पाऊस दाखवावा. हाच काळ जगाशी ओळख होण्याचा असतो.

बाकी धोके घरातच असतात. सोफा, पलंग, आणि लाड करणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचे हात. टॉय पिल्लाच्या पुढच्या पायाची हाडे पेन्सिलीएवढी, आणि मनगटाजवळ रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे सोफ्यावरून मारलेल्या उडीत मोडलेले हाड जुळायला वेळ घेते. गुळगुळीत टाइल्सवर चटई किंवा सतरंजी टाकली तर पाय घसरत नाहीत. गळ्यात पट्टा बांधून ओढण्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा घ्यावा, नाजूक श्वासनलिकेवर दाब येत नाही. मुलाला पिल्लू द्यायचे तर आधी मुलाला जमिनीवर बसवायचे. घरातल्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, मनाने द्यायच्या नाहीत.

रात्री अडचण आली तर कुठे जायचे, हे मात्र पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे लागते. मुंबईत परळचे जुने पशुरुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४मध्ये सुरू झालेले छोट्या प्राण्यांचे रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी असलेला सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असतो. पाऊण किलोच्या पिल्लाच्या शिरेत सुई घालण्याचा सराव आणि तेवढी बारीक सुई तिथे असेलच असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही रात्री उघडा दवाखाना सापडणे कठीण. तेव्हा अशा गावात टॉय जात आणताना चार महिन्यांचे, वाढ स्थिरावलेले पिल्लू शोधणे अधिक शहाणपणाचे. ते फोटोत तितके गोजिरे दिसत नाही, पण रात्र काढते.

आणि खर्चाचे म्हणाल, तर या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू बहुतेक घरांत आधीच असते. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. पिल्लू आणल्यापासून रोज सकाळी खाण्याआधी, एकाच भांड्यात बसवून वजन करायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. निरोगी पिल्लाचा आकडा रोज थोडा थोडा चढतो. तो दोन दिवस तिथेच थांबला किंवा खाली आला, तर पिल्लू खेळताना दिसत असले तरी दवाखाना उघडण्याची वेळ पाहून ठेवावी.